झेडपी म्हणते फारेस्टला विचारा, फारेस्ट म्हणते झेडपीला विचारा



उन्हाळ्यात आपल्या पाड्यांचा प्रश्न असतो पाण्याचा. पावसाळ्यात असतो रस्त्याचा आणि दवाखान्याचा. कचेरीत मिळणारं उत्तर मात्र बाराही महिने एकच असतं : "जागा वनखात्याची आहे, आम्ही काय करणार?" मग आपण रेंजरकडे जातो. तो म्हणतो, "आमच्याकडे झेडपीचा प्रस्तावच आलेला नाही." दोघंही खोटं बोलत नसतील, पण बाई दोन हंडे डोक्यावर घेऊन डोंगर उतरायची ती उतरतेच, आणि बाळंतीण डोलीतूनच खाली येते.

हा खेळ आता बंद पाडायचा आहे आणि त्यासाठी लागणारा कायदा आपल्या हातात आहे.

आधी कोणाचं काम काय ते पक्कं करू. 1961 साली महाराष्ट्राने जिल्हा परिषदांचा कायदा केला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. मंत्रालयात बसून खेड्याचा कारभार होत नाही, तो जिल्ह्यातल्या लोकांनी निवडलेल्या माणसांनी करावा, हा त्यामागचा विचार. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र, नळपाणी योजना, हातपंप, गावाला जोडणारा रस्ता, गुरांचा दवाखाना, शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव-बंधारे ही सगळी झेडपीची कामं. ही मेहेरबानी नाही, तिची नोकरी आहे.

आदिवासी आणि डोंगरी भागात 3,000 माणसांमागे एक उपकेंद्र आणि 20,000 माणसांमागे एक आरोग्य केंद्र, हा सरकारचाच निकष आहे. सपाटीवर हेच आकडे 5,000 आणि 30,000 आहेत. म्हणजे डोंगरात सोय जवळ पाहिजे हे सरकारला मान्य आहे. पण निकष माणसं मोजतो, चढ मोजत नाही, आणि मध्ये वाहणारा ओहोळही मोजत नाही.

आता जागेची सबब. 1980 च्या वन संवर्धन कायद्यामुळे जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी लागते, हे खरं आहे. पण मोठ्या शहरासाठी ती परवानगी मिळते. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा, मध्य वैतरणा ही धरणं शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांत उभी आहेत. त्यांच्यासाठी जागा सापडली. त्याच तालुक्यांतल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा अडचण कायद्याची कमी, कोणासाठी मागायचं याची जास्त.

आपल्यासाठी मागायची सोय 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. दाव्यांच्या धावपळीत त्यातलं कलम 3(2) मागे पडलं. ते सांगतं की वनसंवर्धन कायदा काहीही म्हणो, सरकारने चालवायच्या 13 सोयींसाठी वनजमीन देता येते : शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि टेलिफोनची लाइन, तळी आणि पाण्याचे छोटे साठे, पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाइप, पावसाचं पाणी अडवण्याची कामं, छोटे पाट, सौरऊर्जेसारखी साधनं, कामाचं शिक्षण देणारं केंद्र, रस्ता आणि समाजमंदिर. अटी तीन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण अडीच एकरापेक्षा कमी जागा. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. आणि तिसरी सगळ्यात मोठी अट : ग्रामसभेची शिफारस पाहिजे.

ही फाइल दिल्लीला जात नाही. जिल्ह्यातला उपवनसंरक्षक निर्णय करतो. त्याला पटलं नाही तर विषय कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीपुढे जातो. म्हणून "वरून परवानगी यायची आहे" असं कोणी सांगितलं तर विचारा : वरून म्हणजे कुठून? कलम 3(2) चा प्रस्ताव केला का? कोणत्या तारखेला?

काही शिकलेली माणसं आपल्याला म्हणतात, तुम्ही एकीकडे जंगल वाचवा म्हणता आणि दुसरीकडे जंगलात रस्ता मागता. त्यांना सांगू की आम्हाला दोन्ही पाहिजे, कारण आमच्यासाठी ते दोन नाहीत. विहिरीला पाणी डोंगर देतो, ठेकेदार नाही. वरचा डोंगर बोडका झाला की खालची नळपाणी योजना कोरडी पडते, मग टाकी कितीही पक्की बांधा. झेडपीच्या कागदावर पाणी एका खात्यात आणि झाडं दुसऱ्या खात्यात. जंगल म्हणजे जुलैतल्या एका दिवसाचं वृक्षारोपण आणि त्याचा फोटो. आपल्या जगण्यात मात्र झरा, झाड, गुरं आणि पोर एकाच जागी आहेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2009 साली 1,800 हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ज्या गावाला जंगल राखायचं आहे तेच गाव सांगू शकतं की रस्ता कुठून न्यायचा म्हणजे मोहाची झाडं वाचतील.

म्हणून सावधही राहायचं. कलम 3(2) गावाच्या सोयीसाठी आहे. खाणीसाठी, मोठ्या धरणासाठी, कोणाच्या रिसॉर्टसाठी नाही. "गावाचा रस्ता" म्हणून ठराव मागायचा आणि रस्ता दगडाच्या खाणीपर्यंत न्यायचा, असा डाव कोणी टाकला तर ग्रामसभेने नाही म्हणायचं. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कोणीही द्यायचा नाही, सरपंच घरातला असला तरी.

आणखी एक. ग्रुप ग्रामपंचायतीची सभा मोठ्या गावात भरते, त्यात आपल्या पाड्याचा विषय शेवटी येतो आणि तोपर्यंत सभा उठलेली असते. अनुसूचित क्षेत्रासाठी 1996 चा पेसा कायदा आहे आणि महाराष्ट्राचे नियम 2014 साली आले आहेत. त्याप्रमाणे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता येते. पाड्याने ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचं, ग्रामसेवकाने नाही.

तर आता कामाला लागू. प्रत्येक पाड्याने बसून आपल्या गरजांची यादी करावी, त्यात बाया काय म्हणतात ते आधी लिहावं. एकेका कामाची जागा चालत जाऊन मोजावी, तिथली झाडं मोजावी, कच्चा नकाशा काढावा. ग्रामसभेला निम्म्याहून जास्त माणसं बोलवावी आणि कलम 3(2) चं नाव घालून ठराव लिहावा. एक प्रत पंचायत समितीत बीडीओला, एक रेंजरला द्यावी. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही. पोचेची झेरॉक्स संघटनेकडे आणावी. अशा पन्नास पोचा एकत्र घेऊन आपण झेडपीच्या दारात गेलो, तर "प्रस्तावच आला नाही" असं म्हणायला जागा उरणार नाही.

अर्ज करून थकलेल्या साथींना आम्ही एवढंच म्हणतो : आतापर्यंत आपण मागत होतो, आता ठराव करायचा आहे. मागणाऱ्याला उद्या या म्हणता येतं. ठराव करणाऱ्या ग्रामसभेला लेखी उत्तर द्यावं लागतं.

आमचा पाडा, आमची ग्रामसभा, आमचा ठराव!
जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!