निर्मळ पाण्यातील मृत्यू

म्हैसूर शहर समुद्रापासून दूर, समुद्रसपाटीहून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसलेले आहे. तरीही विकतचे क्षारमिश्रण गोड्या पाण्यात विरघळवून तेथील दिवाणखान्यात प्रवाळांमधील रंगीत मासे पाळता येतात, हे विज्ञानाचेच सामर्थ्य होय. परंतु पुष्कळदा असे घडते, की रात्री चपळपणे पोहणारे मासे सकाळी तळाशी निपचित पडलेले आढळतात. पाणी निर्मळ असते, माशांच्या अंगावर जखम नसते. ‘अकस्मात मेले’ एवढे म्हणून त्यांचा धनी दुकानाची वाट धरतो आणि त्याच पेटीत नवे मासे सोडतो. पहिला मृत्यू अज्ञानामुळे ओढवला असेल. दुसऱ्याला मात्र हे समर्थन लागू पडत नाही.

वस्तुतः येथे अकस्मात असे काही घडलेले नसते. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात आणि उरलेले अन्न कुजून त्यात भर पडते. अफाट समुद्र तो सहज पोटात घालतो. शंभर लिटरच्या काचपेटीस ते साधत नाही. शिवाय समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते, आणि अल्कता वाढली की अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाणही वाढते. उदासीन गोड्या पाण्याच्या तुलनेने ते खाऱ्या पाण्यात सुमारे दहापट भरते. हे विष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाण्याची निर्मळता हा त्याच्या शुद्धतेचा पुरावा नव्हे.

या विषावर निसर्गाने उतारा योजिला आहे. काही सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्राइटचे पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास सिद्ध केले. हे जंतू वाळूवर आणि गाळणीत वस्ती करतात. पण ती वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्याच आठवड्यात मासे सोडणे म्हणजे मोरी बांधण्यापूर्वी घरात बिऱ्हाड थाटणे होय.

दुसरे कारण प्राणवायूचे. पंचवीस अंश सेल्सियस तापमानास समुद्रकाठच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर खाऱ्या पाण्यात ६.८ मिलिग्रॅमच. म्हैसूरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने त्यातही सुमारे नऊ टक्के घट होते. हवेचा पंप चालू असेपर्यंत एवढा प्राणवायू पुरतो. परंतु रात्री वीज गेली, तर मासे आणि जंतू मिळून ही तुटपुंजी शिल्लक संपवितात. बॅटरीवर चालणारा लहानसा पंप जवळ ठेवणे म्हणूनच चैनीचे मानू नये.

पेटीतील पाणी आटते तेव्हा क्षार मागेच राहतात. त्यामुळे तूट भरून काढण्यास गोडेच पाणी घालावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मात्र आधी नाहीसा केला पाहिजे.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभे राहिले, ते समुद्राच्या काठी. म्हैसूरच्या हौशी माणसाला समुद्राचा शेजार नाही. समुद्राचे काम त्याने स्वतःच अंगावर घेतलेले आहे. एवढी दगदग कशासाठी, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असे, की अमोनिया, नायट्राइट आणि क्षारता मोजण्यास रोज काही मिनिटेच लागतात. शिवाय खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांपैकी पुष्कळ मासे आजही प्रवाळखडकांवरूनच पकडून आणले जातात. विदूषक माशाची पैदास बंदिस्त पाण्यात करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. अशी पैदाशीची जात निवडणे अधिक श्रेयस्कर. परंतु समुद्रातून आणलेला मासा पेटीत मेला, की त्याची रिकामी जागा दुकानदार नव्हे, तर प्रवाळखडक भरून देतो.

म्हणून मासा मेल्यावर प्रथम पाणी तपासावे आणि नोंदवही उघडावी. मृत्यूचे कारण सापडून दूर होईपर्यंत पेटीत नवा मासा सोडू नये. जीव पाळण्याच्या हौसेला एवढा संयम पेलत नसेल, तर ती हौस न केलेलीच बरी.