पाप्याचे पितर



एखादे पोर वाळले, एखादा बैल हडकला, की आपण सहज म्हणतो, "अगदी पाप्याचं पितर झालंय!" लुकडा, काटकुळा, किडकिडीत असे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण ते नुसती अंगकाठी सांगतात. 'पाप्याचे पितर' हा शब्द त्या रोडपणाचे कारणही सांगतो.

भाद्रपद वद्य पक्षात आपण वाडवडिलांचे श्राद्ध करतो, त्यांना पान वाढतो. पितरांना स्वतः मिळवून खाता येत नाही. मागे राहिलेल्यांनी वाढावे तेव्हा त्यांना पोचते, अशी जुनी समजूत. पापी माणूस श्राद्ध करीत नाही, म्हणून त्याचे पितर उपाशी राहून वाळतात. त्यावरून अतिशय कृश माणसाला हे नाव पडले. म्हणजे पाप पितराचे नव्हे, ज्याने वाढायचे त्याचे! हसतो मात्र आपण वाळलेल्याला.

दावणीच्या जनावराचेही तसेच आहे. आपण टाकू तेच ते खाणार. बैल खंगला की दृष्ट काढण्याआधी गव्हाणीत डोकावून पाहा. ४०० किलो वजनाच्या बैलाला दिवसाला साधारण १० किलो वाळला चारा-खाद्य लागते. नुसत्या कडब्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने फार थोडी, म्हणून अंग धरत नाही. जोडीला हिरवी वैरण, लसूणघास, थोडी पेंड द्या. कडब्याची कुट्टी केली तर नासाडीही कमी होते.

पोटभर खाऊनही बरगड्या दिसत असतील, केस राठ झाले असतील, शेण पातळ पडत असेल, तर जंतांचा संशय घ्या. शेण तपासून घ्या आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जंताचे औषध पाजा.

घरातले लेकरू वाळत असेल तर त्याला चिडवू नका. अंगणवाडीत त्याचे वजन करून घ्या, दवाखान्यात दाखवा.

पुणे जिल्ह्याच्या काही भागांत बैलपोळा भाद्रपद अमावस्येला, म्हणजे सर्वपित्रीच्याच दिवशी असतो. पितरांना पान आणि बैलाला पुरणपोळी एकाच दिवशी! पण एका दिवसाच्या गोडाधोडाने बैल धरत नाही. उलट जास्त झाले तर पोट बिघडते. त्याचे खरे पान म्हणजे रोजची गव्हाण. ती रिकामी राहिली, तर 'पाप्याचे पितर' म्हणताना पापी कोण, हे ज्याचे त्याने ओळखावे.