बल्य औषधाआधी विश्रांती

तालमी, कबड्डीचे संघ आणि गोविंदा पथके यांनी गजबजलेल्या नायगावात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास एक मागणी नित्य ऐकावी लागते : "डॉक्टर, ताकदीचं काहीतरी द्या." अलीकडे ही मागणी करणाऱ्यांत प्रस्तरारोहकांची भर पडली आहे. शनिवारी रात्री दादरहून गाडी पकडून सह्याद्रीचे कडे गाठणारे तरुण पूर्वीही होते. 'गिरिविहार' ही मुंबईची गिर्यारोहण संस्था १९५४ सालची. परंतु २०१६ व २०१७ साली बोल्डरिंगच्या विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत झाल्या, २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले, आणि कृत्रिम भिंतींवर बारा महिने सराव करणारा एक वर्ग उदयास आला.

असाच एक तेविशीचा तरुण माझ्याकडे आला. नोकरी सांभाळून आठवड्याचे पाच दिवस भिंत, रविवारी कडा. दोन महिन्यांपासून पूर्वी सहज जमणारी चढाई हातून निसटत होती. उपाय म्हणून त्याने सराव वाढवला होता. झोप खंडित, भूक मंद, स्वभाव चिडचिडा, सर्दी वारंवार, सकाळी बोटे आखडलेली. त्याला हवे होते अश्वगंधा आणि शिलाजित. ते लिहून देणे सोपे होते, आणि तो संतुष्ट होऊन गेलाही असता. या सोपेपणाविषयीच मला सर्व वैद्यबंधु-भगिनींशी बोलायचे आहे.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे वाग्भटाचार्यांचे मत आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. त्याच्या अटींकडे मात्र दुर्लक्ष होते. ही अनुज्ञा बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस आहे, आणि तीही शीतकाळी व वसंतात. अन्य ऋतूंत त्याहून अल्प. आपला आरोहक नेमके उलट वागतो. वजन हलके राहावे म्हणून तो तूप सोडतो, रात्रीचे जेवण टाळतो. आणि पावसाळ्यात कडे निसरडे झाले की हिवाळ्याच्या मोहिमांसाठी भिंतीवर सर्वाधिक कष्ट उपसतो. शरीरबल अत्यल्प असण्याचा काळ तोच.

श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, कास, ज्वर ही अतिव्यायामाची फळे चरकाचार्यांनी सांगितली. ओजःक्षयाच्या वर्णनात भय, सततची चिंता व मनाची खिन्नता यांचा अंतर्भाव केला. २०१३ साली युरोप व अमेरिकेतील क्रीडावैद्यक संस्थांनी अतिप्रशिक्षणाविषयी संयुक्त मत प्रसिद्ध केले. त्यातही कामगिरीतील दीर्घ घसरणीबरोबर मनःस्थितीतील बदलास महत्त्व दिलेले आहे. ही अवस्था निश्चित करणारी एकही प्रयोगशालेय तपासणी नाही. इतर कारणे वगळूनच निदानापर्यंत जावे लागते. म्हणजे येथे खरी कसोटी प्रश्नपरीक्षेची, आणि ती तर आपली परंपराच आहे.

मात्र 'वगळणे' हा शब्द गांभीर्याने घ्यावयास हवा. पांडुरोग, अवटु ग्रंथीचे विकार, मधुमेह यांची तपासणी करून घ्यावी. साहस, म्हणजे शक्तीबाहेरचे कर्म, हे राजयक्ष्म्याच्या चार कारणांपैकी एक मानले आहे. मुंबईत हा केवळ ग्रंथार्थ नव्हे. वजन घटत असेल, सायंकाळी ज्वर येत असेल, खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर सरावाला दोष देत न बसता क्षयरोगाची तपासणी तत्काळ करवावी. किशोरवयीन आरोहकाच्या बोटाचा मधला सांधा दुखत राहिल्यास क्ष-किरण चित्र काढावे. वाढीच्या वयात तेथील कोवळ्या अस्थिभागास इजा होऊ शकते. तेथे जोराने मर्दन करणे अपायकारक आहे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. अर्धशक्तीने सराव करून कोणी स्पर्धा जिंकते काय? नाही. खेळाडूस मर्यादेपलीकडे जावेच लागते. परंतु आधुनिक प्रशिक्षणशास्त्रही कष्टांच्या टप्प्यामागून विश्रांतीचा टप्पा योजते, आणि बल वाढते ते या दुसऱ्या टप्प्यात. तो गाळला की उरते ते साहस. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा नाश होतो, हा शास्त्रातील दृष्टांत दुर्बलाचा नाही, बलवानाचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून प्रथम निदानपरिवर्जन. थकवा अल्प असेल तर काही दिवस पुरतात. खरे अतिप्रशिक्षण भरून येण्यास महिने लागतात, हे रुग्णास आरंभीच स्पष्ट सांगावे. अग्नी पाहून दूध, तूप, मांसरस यांनी बृंहण, लंघन नको. हलका अभ्यंग, वेळेवर निद्रा. झोप, भूक आणि भिंतीकडे जाण्याची इच्छा ही तिन्ही परतली की रुंद पकडींवर, पूर्वीच्या निम्म्याहून कमी सरावाने आरंभ. स्नायूंपेक्षा कंडरांना सावरण्यास अधिक काळ लागतो. म्हणून बोटांवर लटकण्याचे व्यायाम सर्वांत शेवटी.

रसायनाचे स्थान यानंतरचे. कारण चालू ठेवून रसायन देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय स्पर्धकाच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळल्यास जबाबदारी त्याचीच ठरते. उत्पादकाने गुपचूप मिसळलेल्या द्रव्याचे प्रायश्चित्तही त्यालाच भोगावे लागते. आपली चिठ्ठी लिहिताना याचे भान असावे.

त्या तरुणास मी तीन आठवडे भिंत बंद करावयास सांगितली. तो नाराज होऊन गेला. पाचव्या आठवड्यात परत आला तो, आता रात्री सलग झोप लागते एवढेच सांगण्यासाठी. चढाई अद्याप पूर्ववत झाली नव्हती, आणि तसे आश्वासन मी दिलेही नव्हते. औषध न देता रुग्णास परत पाठवणे व्यवसायास परवडत नाही, असे आपल्यापैकी काही जण म्हणतील. परंतु "थांब" हे सांगण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याने ते न सांगणे हाही चिकित्सेतील दोषच होय. सुज्ञ वैद्यांनी यावर विचार करावा.