केकवरचं चित्र आणि उलटी पडलेली अक्षरं



केकवर चित्र कसं काढतात, असं गेल्या काही महिन्यांत तिघी-चौघींनी विचारलं. मी मनात म्हणत होते, शहरातल्या बायका लिहितील यावर, ताडकळसच्या मास्तरणीला काय ठाऊक. पण मार्चअखेरीस आमच्या गल्लीत असा प्रसंग घडला की आता लिहिणं भागच आहे. त्या प्रसंगातली चूकही माझीच होती.

माझी एक जुनी विद्यार्थिनी घरून केक करून देते. वडिलांच्या आजारपणात तिचं कॉलेज सुटलं. आता नर्सिंगला जायचं तिच्या मनात आहे आणि फीसाठी ती रुपया-रुपया जोडते आहे. तिला पहिली मोठी ऑर्डर आली ती एका घरच्या बिस्मिल्लाहची. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की पहिला धडा द्यायचा, ही रीत आपल्या बऱ्याच घरांत आहे. पूर्वी त्या दिवशी खारीक-खोबरं नाहीतर पेढे वाटत. केक त्यात अलीकडचा.

घरच्यांना केकवर संपूर्ण बिस्मिल्लाह लिहून हवी होती. मुलीची दादी मात्र अडून बसली. "उस पे छुरी चलाओगे?" एवढंच त्या म्हणाल्या. मलाही ते पटलं. अल्लाहचं नाव लिहायचं, मग ते सुरीने कापायचं आणि उष्ट्या बशा धुतलेलं पाणी नालीत सोडायचं, याला माझं मन धजत नाही. अनेक उलेमाही हे टाळायला सांगतात. शेवटी ठरलं की तख्ती, कलम आणि दवात यांचं चित्र काढायचं आणि तख्तीवर फक्त मुलीचं नाव उर्दूत लिहायचं. अक्षर चांगलं म्हणून नाव लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

आता पद्धत सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल.

लोण्याच्या आयसिंगचं चित्र बहुतेक वेळा थेट केकवर काढत नाहीत. कागदावर काढतात, गोठवतात आणि मग केकवर पालथं घालतात. १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी फेटून मऊ करायचं. त्यात २०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर थोडीथोडी घालायची, लागलं तर चमचाभर दूध. एक किलोच्या केकवरच्या चित्राला एवढं पुरतं. चित्राचा कागद थाळीवर चिकटवायचा, त्यावर बटर पेपर किंवा पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं आणि खालच्या रेघा दिसतील तशा कोनाने गिरवायच्या. कोन म्हणजे आपला मेंदीचाच कोन समजा, फक्त बटर पेपरचा. मेंदी काढणाऱ्या हाताला हे काम वेगळं शिकवावं लागत नाही. दाब किती द्यायचा आणि रेघ कुठे तोडायची, हे त्या हाताला आधीच येत असतं.

क्रम मात्र नेहमीच्या उलट लागतो. पालथं घातल्यावर जे वर दिसायला हवं ते आधी काढायचं. म्हणून पहिल्यांदा काळ्या किंवा चॉकलेटी रेघा आणि अक्षरं. मग दहा मिनिटं बर्फाच्या कप्प्यात. त्यानंतर बारीक जागांचे रंग, मग मोठ्या जागांचे, आणि शेवटी सगळ्यावर अर्धा सेंटीमीटर जाडीचा एकच थर. रंग भरताना मध्ये पोकळी राहू द्यायची नाही, नाहीतर उलटल्यावर तिथे भोक दिसतं. दोन-तीन तास गोठवून थाळीवर टिचकी मारली की ठक्क आवाज यायला हवा. मग थंड केलेल्या, आयसिंग लावून सपाट केलेल्या केकवर पालथं घालायचं आणि कागद एका कोपऱ्यातून हळूहळू सोलायचा. व्हिप क्रीमने हे करू नका. ते कागदालाच चिकटतं आणि वितळताना रंग एकमेकांत उतरतात.

तर पालथं घालायचं म्हणजे मूळ चित्र आरशातल्यासारखं उलटं हवं. दवात उलटी असली काय नि सुलटी असली काय, कोणाला कळतं? नावाचं तसं नाही. मी वीस वर्षं फळ्यावर लिहिते, त्याच सवयीने नाव सरळ लिहून दिलं. तिने बिचारीने ते मन लावून गिरवलं. रात्री साडेदहाला कागद सोलला आणि तिचा फोन आला, "बाजी, हर्फ उल्टे हो गए!"

मी गेले तेव्हा ती केकसमोर बसलेली होती, रडत नव्हती पण बोलतही नव्हती. देवनागरीतला उलटा 'क' शेंबडं पोरही ओळखेल. उर्दूत मात्र नुक्ते खालचे खाली आणि वरचे वर राहतात, त्यामुळे पहिल्या नजरेला सगळं ठीकच वाटतं. मग लक्षात येतं की 'रे' भलत्याच बाजूला वळली आहे आणि नाव डावीकडून सुरू झालं आहे. पहिला धडा घ्यायला बसणाऱ्या मुलीसमोर तेच ठेवायचं! वर त्या दिवशी वीजही दोनदा गेली होती, त्यामुळे पुन्हा तीन तास गोठवायची हिंमत कोणाचीच नव्हती.

तिच्या फ्रिजमध्ये डार्क आणि व्हाइट कंपाउंड चॉकलेटच्या लाद्या होत्या, त्यांनी लाज राखली. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवून डार्क कंपाउंड वितळवलं. त्यात पाण्याचा एक थेंबही जाऊ द्यायचा नाही, नाहीतर ते आवळून दगड होतं. याच कारणाने चॉकलेटमध्ये पाण्यातले रंग चालत नाहीत, तेलातले किंवा पावडरचे लागतात. या वेळी नाव लिहिलेला बटर पेपर मी आधी उलटा केला, आरशासमोर धरला आणि आरशात नाव नीट वाचता आलं तेव्हाच तिच्या हातात दिला. ही परीक्षा लक्षात ठेवा : आरशात सरळ दिसलं तर केकवर सरळ येणार. तिने अक्षरं डार्कने काढली, वर व्हाइटचा थर ओतून तख्ती केली. पंधरा मिनिटांत ती घट्ट झाली. लोण्याचं जुनं नाव खरवडून ती तख्ती तिथे बसवली. घरी यायला मला साडेबारा वाजले.

खरं तर आपल्या भागात उन्हाळ्यात चॉकलेटच बरं. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि परभणी जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. ऑटोत मांडीवर ठेवलेला लोण्याचा केक पोहोचेपर्यंत चित्राची रांगोळी विसकटलेली असते. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं, ते थोडी जास्त उष्णता सोसतं. चवीला ते खऱ्या चॉकलेटपेक्षा कमी, हे मान्य.

आपल्या कोरड्या हवेचा फायदा होतो तो रॉयल आयसिंगला. अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंग शुगर फेटून केलेलं हे आयसिंग वाळून बिस्किटासारखं कडक होतं. बटर पेपरवर आधी बाह्यरेषा काढायची, मग पातळ केलेलं आयसिंग आत सोडायचं आणि एक-दोन दिवस वाळू द्यायचं. हे पालथं घालत नाहीत, म्हणून चित्र सरळच काढायचं. मेमध्ये छान वाळतं, पावसाळ्यात चिकट राहतं. क्रीमच्या ओल्या केकवर ते विरघळायला लागतं, म्हणून कापण्याच्या थोडं आधीच ठेवावं. कच्च्या अंड्याचा धोका नको असेल तर मेरिंग पावडर वापरा. या आयसिंगमध्ये किती दूर जाता येतं ते पाहायचं तर पुण्याच्या प्राची धबल देब यांचं काम बघा. ब्रिटनच्या एडी स्पेन्स यांच्याकडे त्या ही कला शिकल्या आणि आपल्याकडच्या लोकांसाठी अंड्याशिवायचं रॉयल आयसिंग त्यांनी तयार करवलं. मिलानच्या कॅथेड्रलवरून त्यांनी रॉयल आयसिंगची १०० किलोंची वास्तू उभारली, सुमारे १५०० तुकडे जोडून. २०२२ मध्ये लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने तिची नोंद घेतली.

भरतकाम करणाऱ्या भगिनींसाठी अजून एक सोपी वाट आहे. कापडावर नक्षी उतरवायला आपण खाका वापरतो, कागदाला सुईने भोकं पाडून वर रंगाची पुरचुंडी फिरवतो. फॉन्डंटच्या किंवा वरून कोरड्या झालेल्या आयसिंगच्या केकवर तसंच करता येतं. कोरा कागद, नवी सुई आणि मलमलच्या पुरचुंडीत कोको पावडर. कापडासाठीचा नीळ-रॉकेलचा जुना खाका चुकूनही आणू नका, हसू नका, एकीने खरंच विचारलं होतं.

शहरात फोटो छापून मिळतो तो खाण्याच्या शाईने, स्टार्चच्या किंवा साखरेच्या कागदावर. त्यासाठीच्या प्रिंटरमध्ये साधी शाई कधीही घातलेली नसावी, हे दुकानदाराला विचारायला लाजू नका. चेहऱ्याचं चित्र केकवर असावं की नाही, हे घराघरावर सोडते. आमच्याकडे फुलं, चांद आणि पुस्तकांवर भागतं.

सामान घेताना वेष्टन वाचा. फॉन्डंट, मार्शमेलो आणि चकचकीत ग्लेझ यांत जिलेटिन असू शकतं आणि ते कोणत्या जनावराचं हे वरून कळत नाही. आपल्या देशात पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात प्राण्यापासून काढलेलं जिलेटिन नसतं, हा आपल्याला मोठाच आधार आहे. सौदी-दुबईहून नातेवाईक आणतात त्या डब्यांवर तो ठिपका नसतो, तिथे घटक वाचावे लागतात. लाल रंगावर १२० क्रमांक दिसला तर तो कारमाइन, म्हणजे किड्यांपासून काढलेला रंग. काही व्हॅनिला इसेन्स अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात. शंका आली की मी वेलदोड्याची पूड घालते, आणि मुलांना ती जास्त आवडते.

रंग बाजारात सुटे मिळतात ते घेऊ नका. २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटक सरकारांनी कॉटन कँडीवर बंदीची कारवाई केली ती रोडामाइन-बी या कापडाच्या रंगामुळे. तोच भडक गुलाबी रंग कोणी केकसाठीही विकत असेल. काळ्या रंगासाठी आधी आयसिंगमध्ये कोको घाला, म्हणजे रंग थोडासाच लागतो. रात्रभर ठेवलं की तो आणखी गडद होतो.

बिस्मिल्लाहच्या दिवशी त्या मुलीने केकवरची तख्ती बोटाने वाचली, उजवीकडून डावीकडे, एकेक हर्फ म्हणत. मग दादीने ती अलगद उचलून बाजूला ठेवली आणि केक कापला. तख्ती मुलीनेच खाल्ली, नुक्त्यांपासून सुरुवात करून. माझ्या विद्यार्थिनीला त्या घरातूनच पुढच्या दोन ऑर्डरी मिळाल्या. दोन्हींवर नावं उर्दूतच आहेत आणि तिने स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक छोटा आरसा टांगला आहे.