दिल्लीचा निरोप, जिल्ह्याचा तोटा

राजकीय पक्षाची प्रदेश शाखा आणि त्याचे अखिल भारतीय श्रेष्ठी यांच्यात खटका उडाला की त्याची चर्चा बहुधा व्यक्तींच्या अंगाने होते. कोण नाराज आहे, कोण दिल्लीला गेला, कोणाला भेट मिळाली आणि कोण विमानतळावरूनच परतला, या तपशिलात आठवडा निघून जातो. नवे नाव जाहीर झाले की वाद मिटला असे मानण्यात येते. परंतु असे वाद मिटत नाहीत. माणसे बदलतात आणि वाद पुन्हा उभा राहतो. कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अनिर्णित असतो. राज्यात मते मिळविणारा पुढारी अखेर कोणाला जबाबदार आहे, मते देणाऱ्यांना की पद देणाऱ्यांना, हा तो प्रश्न होय. सोलापूर जिल्ह्याने या प्रश्नाची किंमत एकाहून अधिक वेळा मोजली आहे.

जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुख यांच्या जागी सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. १९९९ मध्ये ते सोलापुरातून लोकसभेवर निवडून गेले होते आणि २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे उमेदवार होते. महाराष्ट्राला लाभलेले ते पहिले दलित मुख्यमंत्री. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विजयसिंह मोहिते-पाटील उपमुख्यमंत्री झाले आणि राज्याची दोन्ही सर्वोच्च पदे एकाच जिल्ह्याकडे आली. मधल्या काळात शिंदे यांनी रिकामी केलेली सोलापूरची लोकसभेची जागा पोटनिवडणुकीत भारतीय जनता पक्षाने जिंकली होती, ही गोष्टही नोंदवावयास हवी. ऑक्टोबर २००४ च्या विधानसभा निवडणुकीत आघाडीने सत्ता राखली. राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिले, पण शिंदे यांच्याकडे राहिले नाही. पंधरवडाभराच्या वाटाघाटींनंतर १ नोव्हेंबरला देशमुख पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून हैदराबादला गेले. उपमुख्यमंत्रिपदही जिल्ह्याबाहेर गेले.

या बदलात घटनाबाह्य असे काही नव्हते. विधिमंडळ पक्षाने नेता निवडला, राज्यपालांनी शपथ दिली. तरीही ज्या मतदाराने एका मुख्यमंत्र्याच्या नेतृत्वाखालील सरकारला कौल दिला, त्याला तो मुख्यमंत्री का गेला याचे कारण कोणी सांगितले नाही. निवडणुकीत दिलेल्या आश्वासनांचा हिशेब ज्याला विचारावयाचा, तो माणूस राजभवनात जाऊन बसला, आणि राज्यपालाला मतदार हिशेब विचारू शकत नाही. येथे शिंदे योग्य की देशमुख योग्य, हा मुद्दा नाही. हिशेब विचारण्याची साखळी निवडणुकीच्या दुसऱ्याच पंधरवड्यात तुटली, हा मुद्दा आहे.

हा प्रकार एकदाच घडला असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. मार्च १९८५ मध्ये वसंतदादा पाटील यांनी काँग्रेसला विधानसभेत बहुमत मिळवून दिले. त्यानंतर त्यांच्या संमतीविना प्रभा राव यांची प्रदेशाध्यक्षपदी नियुक्ती झाली. दादांनी जूनच्या प्रारंभी मुख्यमंत्रिपद सोडले आणि नोव्हेंबरात ते राजस्थानचे राज्यपाल झाले. वीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन कथांत निवडणूक जिंकणे, पद जाणे आणि परराज्यातील राजभवन हा क्रम सारखाच आहे. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अंतुले, भोसले, वसंतदादा, निलंगेकर व शंकरराव चव्हाण असे पाच मुख्यमंत्री होऊन गेले आणि सहाव्याचा शपथविधी झाला. अंतुले व निलंगेकर यांच्या जाण्याला न्यायालयाच्या निकालांचे कारण होते, हे खरे. परंतु पाचांपैकी एकाचेही मंत्रिमंडळ विधानसभेतील अविश्वासाच्या ठरावाने पडले नाही, आणि प्रत्येक वेळी नव्या नावावर शिक्कामोर्तब दिल्लीतच झाले.

दिल्ली आणि प्रदेश यांच्यातील वाद नेहमी असाच मिटत असे काय? तसे नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई असा त्रिराज्याचा तोडगा पुढे केला, तेव्हा महाराष्ट्रातील काँग्रेसजनांची भावना त्याच्या उलट होती. यशवंतराव चव्हाण यांनी नेहरूंच्या नेतृत्वाशी निष्ठा जाहीर केली आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा दारुण पराभव झाला. खुद्द चव्हाण कऱ्हाडमधून जेमतेम निवडून आले. मात्र पुढल्या तीन वर्षांत मतदारांच्या या निकालाचा अर्थ त्यांनी श्रेष्ठींच्या गळी उतरविला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला. चळवळीतील हुतात्म्यांचे आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे श्रेय यात पहिले, हे निर्विवाद. पण पक्षव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर प्रदेश शाखेने दिल्लीचा निरोप खाली आणला तसा मतदारांचा निरोप वर नेला, आणि वरच्यांना तो ऐकावा लागला. दुतर्फा वाहतूक तेव्हा चालू होती.

ती एकेरी कधी झाली? १९७१ मध्ये लोकसभेची मुदतपूर्व निवडणूक झाली आणि विधानसभेची १९७२ मध्ये. दोन्ही निवडणुका एकत्र होत होत्या तोवर दिल्लीच्या उमेदवाराला प्रदेशातील कार्यकर्त्याच्या खांद्याची गरज असे. त्या वेगळ्या होताच आधी राष्ट्रीय नेतृत्वाची लाट आणि मागून तिच्यावर स्वार झालेले प्रादेशिक उमेदवार, असा क्रम लागला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९७२ नंतर वीस वर्षे काँग्रेसच्या संघटनात्मक निवडणुकाच झाल्या नाहीत. त्या १९९२ मध्ये तिरुपती अधिवेशनाच्या वेळी झाल्या. निवडून आलेल्या कार्यकारिणीत महिला व दलित प्रतिनिधी नाहीत या कारणास्तव सदस्यांचे राजीनामे घेण्यात आले आणि कार्यकारिणीत पुन्हा नियुक्तीचे तत्त्व आले. कारण समर्थनीय होते; परंतु वीस वर्षांनी उघडलेले दार त्यामुळे पुन्हा लोटले गेले. ज्या जिल्हाध्यक्षाला सदस्यांनी निवडलेलेच नाही, तो सदस्यांचे गाऱ्हाणे वर कसे नेणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

या परावलंबनाला आर्थिक बाजूही आहे. महाराष्ट्रातील प्रदेश नेतृत्वाचे बळ सहकारी साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा यांत होते. अकलूजपासून सांगलीपर्यंतचे पुढारी या संस्थांतून उभे राहिले. माणसे आणि साधने त्यांच्या हाती होती, म्हणून त्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन होते. पण त्या संस्थांची नाडी पूर्णतः त्यांच्या हाती कधीच नव्हती. कारखान्याला भागभांडवल व कर्जाची हमी देणारे राज्य सरकार, तर कारखाना काढण्याचा परवाना १९९८ पर्यंत केंद्राकडे. आजही उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र ठरविते, साखरेच्या निर्यातीचे धोरण केंद्र ठरविते आणि २०२१ पासून केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय आहे. अडचणीतल्या कारखान्याच्या अध्यक्षाला दिल्लीशी भांडण परवडत नाही. सोलापूरसारख्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात पक्षांतरांची जी वर्दळ दिसते, तिच्यात विचारांच्या बदलाइतकाच ताळेबंदाचाही वाटा असतो.

हा केवळ काँग्रेसचा रोग आहे असे समजण्याचे कारण नाही. जून २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी आपण नव्या सरकारबाहेर राहू असे जाहीर केले आणि त्याच सायंकाळी पक्षाध्यक्षांच्या सांगण्यावरून उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पाच वर्षे मुख्यमंत्री राहिलेल्या नेत्याचा निर्णय काही तासांत फिरला. उलट त्याच वर्षाच्या सप्टेंबरात राजस्थानात काँग्रेसच्या बहुसंख्य आमदारांनी दिल्लीहून आलेल्या निरीक्षकांच्या बैठकीकडे पाठ फिरविली आणि श्रेष्ठींना हात चोळीत बसावे लागले. एके ठिकाणी निमूट आज्ञापालन आणि दुसरीकडे उघड बंड, यांच्या मधला चर्चेचा मार्ग दोन्हीकडे दिसला नाही. २०२४ मध्ये माढा लोकसभा मतदारसंघातील उमेदवारीबाबत भाजपमधील स्थानिक असंतोषाला पक्षात वाट मिळाली नाही. धैर्यशील मोहिते-पाटील पक्ष सोडून शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार झाले आणि निवडूनही आले. जो वाद जिल्हा कार्यालयात मिटावयाचा, तो मतपेटीपर्यंत गेला.

सोलापूरचेच आणखी एक उदाहरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कुंभारी येथील रे नगरच्या तीस हजार घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. बिडी वळणाऱ्या स्त्रिया, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा असंघटित श्रमिकांसाठी ही घरे होती आणि त्यामागे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम यांची दीर्घ खटपट होती. समारंभात त्यांनी पंतप्रधानांची प्रशंसा केली. पक्षाच्या राष्ट्रीय भूमिकेशी ते विसंगत ठरले आणि केंद्रीय समितीने त्यांना तीन महिन्यांसाठी समितीतून निलंबित केले. पुढे १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली पंधरा हजार घरे कामगारांना मिळाली.

येथेही जिल्ह्याचे हित आणि राष्ट्रीय भूमिका यांचा संघर्ष होता. पक्षाची बाजूही पोकळ नव्हती. देशभर ज्या सरकारला विरोध करावयाचा, त्याच्या प्रमुखाची स्तुती केंद्रीय समितीच्या सदस्याने करावी हे कोणत्याही पक्षाला अडचणीचेच. मात्र या प्रकरणात कारवाई कोणी केली, कशासाठी केली आणि किती काळासाठी, हे सारे सांगितले गेले. मुदत संपली आणि वाद संपला. शिक्षा न्याय्य होती की नव्हती याबद्दल मतभेद राहतील; पण ती समजण्याजोगी होती. २००४ चा बदल मतदारांना समजण्याजोगा नव्हता.

राष्ट्रीय पक्षाला शिस्त हवी, हा आक्षेप म्हणूनच मान्य करून पुढे जावयास हवे. प्रत्येक प्रदेशाने स्वतंत्र सूर लावला तर पाणीवाटपापासून सीमाप्रश्नापर्यंत एकाच पक्षाची दोन राज्यांत दोन तोंडे होतील. तशी ती पुष्कळदा झालीही आहेत. गटबाजीने पोखरलेल्या प्रदेश शाखेला कधी बाहेरून आधार द्यावा लागतो, हेही खरे. परंतु शिस्त आणि लहर यांत फरक आहे. शिस्तीला नियम असतो, सुनावणी असते आणि कारण असते. लहरीला केवळ निरोप असतो.

कायद्याने या बाबतीत अर्धेच काम केले आहे. १९८९ पासून पक्षांची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली होते आणि पक्षाला आपली घटना आयोगाला सादर करावी लागते. ती घटना पाळली नाही तर नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार मात्र आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. याचा परिणाम पक्ष फुटतो तेव्हा दिसतो. १९६९ च्या फुटीनंतर काँग्रेस कोणाची याचा निर्णय देताना आयोगाने १९७१ मध्ये विधिमंडळांतील बहुमताबरोबर संघटनेतील बहुमतही मोजले. शिवसेनेच्या बाबतीत २०२३ मध्ये आणि राष्ट्रवादीच्या बाबतीत २०२४ मध्ये संघटनेची कसोटी निर्णायक धरता आली नाही आणि आमदार-खासदारांच्या संख्येवर निकाल लागला. संघटनेची मोजणीच विश्वासार्ह उरली नाही, तर पक्ष सदस्यांचा राहत नाही. तो निवडून आलेल्यांचा होतो, आणि निवडून आलेले उमेदवारी देणाऱ्यांचे असतात.

उपाय अवघड नाहीत, गैरसोयीचे आहेत. प्रत्येक पक्षाने तालुकावार सदस्ययादी प्रसिद्ध करावी. जिल्हा व प्रदेश समित्या ठराविक मुदतीने गुप्त मतदानाने निवडाव्यात. उमेदवारीसाठी जिल्हा समितीने केलेली शिफारस वरून बदलली, तर बदलाचे कारण लेखी द्यावे. मुख्यमंत्री बदलावयाचा असेल तर विधिमंडळ पक्षात प्रत्यक्ष मतदान व्हावे आणि त्याचे आकडे जाहीर व्हावेत. एका ओळीच्या ठरावाने सर्वाधिकार दिल्लीला सोपविण्याची प्रथा बंद व्हावी.

पक्ष हे आपण होऊन करणार नाहीत. ते करून घेण्याची ताकद सामान्य नागरिकाच्या हाती आहे. शिक्षकांच्या पतपेढीची किंवा कर्मचारी संघटनेची निवडणूक वेळेवर झाली नाही तर सभासद जाब विचारतात. वार्षिक सभेत ताळेबंदाच्या एकेका रकमेवर तासभर वाद घालतात. राज्याची तिजोरी ज्यांच्या हाती द्यावयाची त्या पक्षांना मात्र तोच सभासद हा प्रश्न कधी विचारीत नाही. पुढल्या निवडणुकीत उमेदवार दारी येईल, तेव्हा त्याला आश्वासनांच्या यादीआधी एवढेच विचारावे, की त्याच्या पक्षाच्या जिल्हा समितीची शेवटची निवडणूक कोणत्या वर्षी झाली आणि तीत किती सदस्यांनी मत दिले. ज्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर नाही, त्याने दिलेले वचन दिल्लीहून येणाऱ्या पुढल्या निरोपापुरतेच टिकणारे आहे.