वादळाआधीच ठरलेले मृत्यू



नागपूर देशाच्या मध्यावर वसलेले शहर. इथून कुठल्याही दिशेने निघालो तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग गांधीबागेतून निघणाऱ्या आपल्या अंकात चक्रीवादळांवर संपादकीय कशासाठी, असा प्रश्न काही जणींना पडेल. एक साधे कारण म्हणजे बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा-छत्तीसगडमार्गे विदर्भावर येतात, आणि आपल्या पावसाळ्यातला बराच पाऊस त्यांच्यासोबत येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपत्तीत कोण मरते आणि कोण वाचते, हा प्रश्न किनाऱ्यावर आणि मध्य भारतात सारखाच आहे. तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

१९९१ हे वर्ष आठवून पाहा. त्या वर्षी २९ एप्रिलच्या रात्री बांगलादेशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकले. समुद्राची प्रचंड लाट आत शिरली आणि सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. तीन महिन्यांनी, ३० जुलैला, आपल्याच जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात वर्धा नदीचे पाणी मोवाडमध्ये घुसले आणि २०४ जणांचा बळी गेला. पुढे ते गाव नव्या जागी वसवावे लागले. एकीकडे समुद्र होता, दुसरीकडे नदी. दोन्हींसाठी शब्द मात्र एकच वापरला गेला : निसर्गाचा कोप. कोप म्हटला की तिथे कुणाला जाब विचारता येत नाही.

आज या जुन्या शब्दाशेजारी एक नवा शब्द येऊन बसला आहे : हवामान बदल. त्याबद्दल मोठा वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, याहून भयंकर वादळे पूर्वीही झाली. १९०० साली अमेरिकेत गॅल्व्हेस्टन शहरात सुमारे आठ हजार माणसे गेली. १९७० च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळाने तीन ते पाच लाख बळी घेतले. आता तर मृत्यू कमी होत आहेत, मग तापमानवाढीचा बागुलबुवा कशाला? दुसरा पक्ष प्रत्येक वादळाकडे, प्रत्येक पुराकडे बोट दाखवून म्हणतो, हा पाहा पुरावा.

शास्त्रज्ञ यापेक्षा जपून बोलतात, आणि आपणही ते नीट समजून घ्यायला हवे. संयुक्त राष्ट्रांशी निगडित असलेल्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, जगातल्या चक्रीवादळांची एकूण संख्या वाढल्याचे स्पष्ट दिसत नाही. परंतु त्यांपैकी अतितीव्र वादळांचे प्रमाण गेल्या चार दशकांत वाढले असण्याची बरीच शक्यता आहे. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, म्हणून वादळासोबतचा पाऊस वाढतो. समुद्राची पातळी वर आल्यामुळे लाटही अधिक आत येते. आपल्या अरबी समुद्रापुरते बोलायचे तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळातील नोंदी तपासून तिथल्या वादळांची संख्या, तीव्रता आणि मुक्काम वाढल्याचे दाखवून दिले आहे. तेव्हा धोका खरा आहे. त्याला बागुलबुवा म्हणण्याची चैन किनाऱ्यावरच्या कोळणीला परवडणारी नाही.

मग मृत्यू कमी का झाले? याचे उत्तर ओडिशात मिळते. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये त्याच राज्यावर फायलिन आले. त्या वेळी जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. २०१९ च्या फनी वादळात बारा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले, ओडिशात ६४ मृत्यू झाले. या वीस वर्षांत समुद्र काही मवाळ झाला नव्हता. गावोगाव पक्के निवारे उभे राहिले, सूचना वेळेवर पोहोचू लागली, बसगाड्या आल्या, शिजवलेले अन्न आले, दारोदार जाऊन माणसांना बाहेर काढणारे स्वयंसेवक तयार झाले. कमी झालेले मृत्यू ही माणसांच्या मेहनतीची कमाई आहे. ती कमाई दाखवून 'हवामान बदल खोटा' असे म्हणणे म्हणजे लसीकरणाने देवी हटली म्हणून देवीचा रोग कधी नव्हताच असे म्हणण्यासारखे आहे.

पण निवारा बांधला की सर्वांचे भागते का? इथे आपल्याला थांबून पाहावे लागते. १९९१ च्या वादळानंतर संशोधकांनी बांगलादेशात ४५ वस्त्यांतील १,१२३ जणांची पाहणी केली. जे पक्क्या इमारतीत पोहोचले ते सगळे वाचले. जे पोहोचू शकले नाहीत, त्यांच्यातले सुमारे २२ टक्के दगावले. दहा वर्षांखालील मुलांत मृत्यूचे प्रमाण २६ टक्के होते आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांत ३१ टक्के. म्हणजे प्रश्न वाऱ्याच्या वेगाइतकाच पोहोचण्याचा होता. बाई का पोहोचली नाही?

याची कारणे तिथल्या कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी मांडली आहेत. ती वाचताना परका देश वाटत नाही. घर सोडायचे की नाही हे नवऱ्याने ठरवायचे, आणि तो बाहेर होता. निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी जागा नव्हती, संडास नव्हता, परक्या पुरुषांत रात्र काढायची लाज होती. कडेवर एक मूल, हाताशी दुसरे, आणि घरात म्हातारी सासू. अंगावर ओली साडी. पोहणे मुलांना शिकवतात, मुलींना नाही. यातले एकही कारण हवामानखात्याच्या नकाशावर दिसत नाही. ही सगळी कारणे वादळाच्या कितीतरी आधी, घरात आणि समाजात तयार झालेली होती.

श्रीमंत देशातही हेच दिसते. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळ आले तेव्हा न्यू ऑर्लिन्स शहर सोडण्याचे आदेश निघाले होते. ज्यांच्याकडे मोटार होती ते निघून गेले. मागे राहिले त्यांत बहुसंख्य गरीब, कृष्णवर्णीय आणि वृद्ध होते. हजाराहून अधिक माणसे गेली.

जीव वाचला तरी प्रश्न संपत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचे रोप लावले की पीक हाती यायला वर्षे जातात. नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. त्या वाडीत पाणी देणारी, सुपारी सोलणारी बाई बहुधा सातबाऱ्यावर नसते. मजूर असेल तर ती कुठल्याच कागदावर नसते. महाराष्ट्राने १९९४ साली देशातले पहिले महिला धोरण आणले, त्याच वर्षी मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हिस्सा देणारा कायदाही केला. त्याआधी शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला ओ देऊन अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती. जमिनीवर नाव नसणे म्हणजे काय, हे वादळानंतरच्या पंचनाम्यात लख्ख दिसते.

आणि आता आपल्या दारात येऊ. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री आणि २३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यांवर आली, सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरले. मृतांमध्ये घराबाहेर वेळेवर निघू न शकलेल्या वृद्ध स्त्रिया होत्या. मदत जाहीर झाली : कुटुंबामागे दहा हजार, दुकानांना पन्नास हजारांपर्यंत, टपरीला दहा हजार. पण घरातच शिलाईचे मशीन टाकून गांधीबाग-इतवारीच्या कापडबाजाराचे काम करणाऱ्या बाईचे मशीन गाळात गेले, तर ते घरात धरायचे की दुकानात? चार घरची धुणीभांडी करणारीचा पंधरा दिवसांचा बुडालेला रोज कोणत्या रकान्यात लिहायचा?

त्या रात्रीचा पाऊस असाधारण होता, हे खरेच. पण तलावाच्या सांडव्याजवळचे बांधकाम, नदीपात्रातले अडथळे, बुजलेले नाले हे काही आभाळातून पडलेले नाहीत. हा सगळा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेतून मांडला गेला. म्हणूनच आम्हाला सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. 'हवामान बदलामुळे झाले' हे वाक्य अधिकाऱ्याच्या तोंडी आले की ते 'देवाची करणी' या वाक्याचेच काम करते. तापमानवाढ खरी असेल, आणि ती आहे, तर मोठा पाऊस येणार हे आधीच माहीत आहे. जे आधी माहीत आहे त्याची तयारी न करणे हा हलगर्जीपणा आहे. हवामान बदल ही जबाबदारी वाढवणारी गोष्ट आहे, सुटका करणारी नव्हे.

आपल्याच राज्यात एक चांगला धडा घातलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातल्या घरदुरुस्तीच्या कामात महिला मंडळांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. घर कसे मजबूत करायचे, सरकारी पैसा कुठे अडला, याची माहिती बायकांनी घेतली आणि गावाला दिली. बांगलादेशातही धोक्याची सूचना घरोघर नेणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये आता जवळपास निम्म्या स्त्रिया आहेत. २०२० मध्ये अम्फान आले तेव्हा त्या देशात मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. १९९१ च्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

म्हणून येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक गटाने आपल्या वस्तीपुरती चार कामे हाती घ्यावीत, असे आम्ही सुचवतो. एकटी राहणारी, अंथरुणाला खिळलेली, गरोदर, अपंग बाई कुठल्या घरात आहे याची यादी करून तिला कोण उचलणार हे नावानिशी ठरवावे. पाणी शिरले तर जायची शाळा किंवा समाजमंदिर आधीच जाऊन पाहावे : किल्ली कुणाकडे, संडास चालू आहे का, रात्री दिवा आहे का. पंचनाम्यात घरातल्या स्त्रीचे नाव, भाडेकरूचे नाव आणि घरी चालणारा रोजगार स्वतंत्र नोंदवावा अशी लेखी मागणी महापालिकेकडे आणि तहसील कार्यालयाकडे करावी. आणि वॉर्डाचा आपत्ती आराखडा मागून घ्यावा. नसेल तर 'नाही' असे लेखी घ्यावे.

ही कामे लहान वाटतील. जगातले मोठे देश धुराचे हिशेब करतील तेव्हा करतील, तो लढाही आपण सोडणार नाही. पण शेजारच्या गल्लीतली म्हातारी रात्री दोन वाजता पाण्यातून कोण बाहेर काढणार, हे ठरवायला कुठल्या जागतिक परिषदेची वाट पाहायची गरज नाही. आपापल्या वस्तीत काय सापडले, कुठे अडले, ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवत आहोत.