शिक्षकालाही फडावर पाठवा



ऊस कसा लावावा, पाणी किती द्यावे, हे शिकायला आपण सभासदांना मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये पाठवतो. त्याला कोणी वायफळ खर्च म्हणत नाही. पण आपल्या शिवारात चार-पाच महिने राहणाऱ्या तोडणी मजुरांच्या पोरांना वर्गात कसे सामावून घ्यावे, हे शिकायला आपण कोणाला पाठवले आहे काय? गुरुजींना नाही, शेती खात्याच्या माणसाला नाही, आणि आम्हा सभासदांना तर नाहीच.

गेल्या हंगामात माझ्या फडात उतरलेल्या टोळीत आठ-नऊ वर्षांची एक पोर होती. आईबाप पहाटेच कोयता घेऊन निघत आणि ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन खोपीपाशी. मी म्हटले, "पोरी, शाळा रस्त्याच्या पल्याड तर आहे, जात का नाहीस?" ती म्हणाली, "मग याला कोण धरील, आबा?" गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले, नाव पटावर घेतो, पण ती येतच नाही. खोटे कोणीच बोलत नव्हते.

या पोरीच्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधून झाले आहे, आणि ते शोधणाऱ्या बाईंचे काम मुंबईतल्या दादरचे. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले आणि बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही चालवले. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांचे तेथे चांगले चालले होते. पण एवढ्यावर बाईंचे समाधान होईना. १९४५ साली त्या डहाणूकडे बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या.

तेथे दलितवस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. सरकारने १९७५ साली तो देशभर नेला. महागड्या साहित्याऐवजी शिंपले, खडे, पाने घेतली. मुलांना आंघोळ घालण्यापासून काम होते. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणशाळा काढली. मोठ्या मुली घरी भावंडे सांभाळत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. माझ्या फडातल्या पोरीला नेमके हेच हवे होते!

पोर का येत नाही, हे आधी बाईंनी तिच्या दारात जाऊन पाहिले आणि मग शाळा बदलली. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे सभागृहात भाषण, चहा आणि सह्या. असल्या प्रशिक्षणावर एक रुपयाही घालू नये, असे मी स्पष्ट म्हणतो. हंगामाच्या आधी आठ दिवस गुरुजी, अंगणवाडीताई, गट ऑफिसचे स्लिपबॉय आणि मुकादम यांना एकत्र बसवा. त्यातले निम्मे दिवस अड्ड्यावर, खोपीत काढू द्या. संचालक मंडळातल्या दोघांनीही त्यांच्याबरोबर पूर्ण वेळ थांबावे. नुसत्या उद्घाटनाला येऊ नये.

काही मंडळी म्हणतील, हे सरकारचे काम. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे, हे खरे. पण कोणती टोळी कोणत्या शिवारात उतरली, हे सरकारच्या आधी आपल्या गट ऑफिसला कळते. टोळीची यादी करताना बैल मोजतो, गाड्या मोजतो. त्याच कागदावर पोरांसाठी एक रकाना काढायला काय लागते? तो रकाना त्याच दिवशी शाळेत पोचला, तर गुरुजींचे निम्मे काम झाले. पाळणाघराला अड्ड्यावर पत्र्याची एक खोली आणि टोळीतलीच एखादी पगारी बाई पुरेल.

येत्या वार्षिक सभेसाठी हा विषय मी कार्यालयात लेखी देत आहे. सूचक मी आहेच, अनुमोदक हवा. ज्यांच्या फडात टोळी उतरते, अशा सभासदाने सही केली तर बरे.

— एक ऊस उत्पादक सभासद